चर्चचे फोटो छापता, आता चर्चमधली माणसंही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर डिसेंबरात तुमच्या पेपरात आपल्या नागपुरातल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलचा लायटिंगवाला फोटो येतो, खाली दोन ओळी की ब्रिटिशकालीन वास्तू वगैरे, बाजूला केकची रेसिपी, आणि कधी हिस्लॉप कॉलेजचा विषय निघाला तर स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड हिस्लॉप साहेबांवर एक चौकट. फोटो छान असतो, त्याची तक्रार नाही. पण नागपुरातल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास म्हणजे एक बिल्डिंग आणि एक गोरा साहेब, बस एवढाच काय? हे विचारायलाच पत्र लिहिते आहे, आणि विचारता विचारता एका माणसाबद्दल तुमच्या वाचकांना सांगायचं आहे, ज्यानं हाच प्रश्न सगळ्या जगाबद्दल विचारला आणि त्याच्यामागं सगळं आयुष्य घातलं. अँड्र्यू वॉल्स त्यांचं नाव. ख्रिस्ती धर्माचे इतिहासकार, ऑगस्ट २०२१ मध्ये ९३ व्या वर्षी गेले. मराठी पेपरात त्यांच्यावर काही आलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

वॉल्स १९२८ चे, जन्म इंग्लंडचा, शिक्षण ऑक्सफर्डचं. त्यांचा विषय होता अगदी सुरुवातीचं चर्च, म्हणजे येशूच्या नंतरच्या दोन-तीनशे वर्षांतलं. त्या काळातले जे काही तुटके-फुटके ग्रीक-लॅटिन कागद उरलेत त्यांच्यावरून तेव्हाची माणसं प्रार्थना कशी करायची, कुणाला मंडळीत घ्यायची, कशावरून भांडायची हे हुडकून काढायचं. पुढे केंब्रिजला टिंडेल हाउस या बायबलच्या अभ्यासाच्या संस्थेत ते लायब्ररियन होते. आणि १९५७ मध्ये बायकोला घेऊन पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले, फ्रीटाऊनच्या फोरा बे कॉलेजात चर्चचा इतिहास शिकवायला. वय तिशीच्या आत. डोक्यात असं की आपल्या युरोपातल्या जुन्या चर्चला एवढ्या शतकांचा अनुभव आहे, इथलं चर्च नवं आहे, तर तो अनुभव यांना नेऊन द्यायचा.

मग जे झालं ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वर्गात दुसऱ्या शतकाबद्दल मोठ्या अधिकारानं बोलत असताना एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की अरे, मी तर दुसऱ्या शतकातच राहतोय! ज्या गोष्टी मी कागदाच्या तुकड्यांवरून जुळवतो त्या सगळ्या इथं खिडकीबाहेर चालू आहेत, नवा विश्वास, जुन्या चालीरीतींशी रस्सीखेच, पूर्वजांचं काय करायचं हा प्रश्न, स्वप्नं, दृष्टांत, आजारपणात प्रार्थना, कोण खरा उपदेशक न कोण भोंदू याच्यावरून वाद. आणि मी शहाणा माणूस हे बघायचं सोडून लेक्चर देतोय. मग मी लेक्चर थांबवून आजूबाजूला काय चाललंय ते का बघू नये? हा विचार आला आणि तिथून त्यांच्या कामाची दिशाच बदलली. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, साहेब, मला या प्रसंगाचं मोल माहिती आहे. शिकवायला गेलेला माणूस वर्गातच विद्यार्थी व्हायला तयार होतो, हे आपल्याकडे किती जणांना जमतं.

बरं, सिएरा लिओनचा इतिहासही भारी आहे. आपल्याला शिकवलं काय जातं, की मिशनरी आला, त्यानं चर्च काढलं, लोक ख्रिस्ती झाले. फ्रीटाऊनला उलटं झालेलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईत जे काळे गुलाम इंग्रजांच्या बाजूनं लढले होते त्यांना आधी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात नेऊन टाकलं, थंडीत, नापीक जमिनीवर, आणि तिथून १७९२ मध्ये त्यांच्यातले हजाराहून जास्त जण जहाजांनी फ्रीटाऊनला आले. येताना आपली चर्च सोबत घेऊन आले, आपले उपदेशक, आपली गाणी, सगळं. तेव्हा मिशनऱ्यांचा पत्ता नव्हता. वॉल्स हे परत परत सांगायचे की आफ्रिकेतल्या आधुनिक चर्चची सुरुवात आफ्रिकन लोकांनीच केली, गोरे मिशनरी मागून आले. त्यानंतर इंग्रजांचं आरमार गुलामांची जहाजं पकडायचं आणि सुटलेल्या लोकांना फ्रीटाऊनला उतरवायचं. १८२२ मध्ये असाच एक योरुबा, म्हणजे आजच्या नायजेरियाकडच्या जमातीचा, पोरगा उतरला, अजायी नावाचा. बाप्तिस्मा झाल्यावर सॅम्युएल अजायी क्राउदर झाला. १८२७ मध्ये निघालेल्या त्याच फोरा बे कॉलेजचा पहिला विद्यार्थी, आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप. योरुबा भाषेत बायबल आणण्याचं मोठं काम त्यानं केलं. आणि म्हातारपणी काय, तर तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याचं नायजर नदीकाठचं मिशन त्याच्या हातून काढून घेतलं. १८९१ मध्ये तो गेला. क्राउदरवर वॉल्सनी लिहिलंय आणि हा अपमान लपवलेला नाही. स्वतः मेथडिस्ट, रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारा माणूस, मिशनचा इतिहास प्रेमानं लिहिणारा, पण मिशनरी चुकले तिथं चुकले असं सरळ लिहायचे. श्रद्धा असली की इतिहास नीट लिहिता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांना वाचायलाच पाहिजे.

आता हे नागपूरकराच्या डोळ्यानं बघा. कामठीची छावणी १८२१ ची. तिथं मद्रास आर्मीच्या पलटणी असायच्या आणि पलटणींसोबत तमिळ, तेलुगू माणसं यायची, शिपाई, स्वयंपाकी, बायका, पोरं, त्यांच्यात ख्रिस्तीही असायचे. हिस्लॉप नागपुरात आले १८४५ मध्ये. म्हणजे आपल्या इकडचीही गोष्ट साहेबापासून सुरू होत नाही. पण या तमिळ-तेलुगू माणसांवर, त्यांची पुढची पिढी मराठी-हिंदी बोलायला लागली ती कशी, त्यांच्या प्रार्थना कोणत्या भाषेत व्हायच्या, याच्यावर आपण काय लिहून ठेवलं? कामठीत अजून अशी घरं आहेत जिथं आजीच्या आजीचं नाव तमिळ आणि नातवाचं नाव मराठी आहे. या घरात जाऊन कोणी बसलं का कधी?

हिस्लॉप साहेबांबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधी सांगते नाहीतर कॉलेजचे माजी विद्यार्थी माझ्यावर रागावतील. स्कॉटलंडच्या डन्स गावचा माणूस, शाळा काढल्या, विदर्भातले दगड न फॉसिल गोळा केले, एका खनिजाला त्यांचं नाव आहे, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटहून रात्री परत येताना नाल्याच्या पुरात वाहून गेले, वय ४५. कॉलेज १८८३ चं, त्यांच्या नावानं. गोंड लोकांबद्दल त्यांनी जमवलेले कागद तेव्हाचे इथले इंग्रज चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपलनी १८६६ मध्ये छापले आणि त्याच्यात गोंडांचा पुराणपुरुष लिंगो, त्याचं ते मोठं गोंडी गाणं आहे, एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून लिहून घेतलेलं. आज नागपुरात हिस्लॉप म्हटलं की रिक्षावाला पण सोडून देतो कॉलेजसमोर. त्या गाणं सांगणाऱ्या परधानाचं नाव कोणाला विचारा.

याच्यासाठीच वॉल्सचं पुढचं काम सांगायचं आहे. १९६२ मध्ये ते नायजेरियात एन्सुक्काच्या युनिव्हर्सिटीत गेले, चार वर्षं होते. तिथं आजूबाजूच्या गावातली छोटी छोटी चर्च, जी कुठल्याही मिशनची नव्हती, लोकांनीच स्वतः काढलेली, पांढरे झगे घालून ढोल वाजवत प्रार्थना करणारी, त्यांचा अभ्यास सुरू झाला. तोवर युरोपातले विद्वान असल्या चर्चकडे बघायचे सुद्धा नाहीत, काहीतरी भलतं चाललंय म्हणून सोडून द्यायचे. वॉल्स म्हणायचे इतिहास इथंच आहे, यांची पत्रकं, वह्या, गाण्याची चोपडी, वर्गणीचा हिशोब सगळं जपा. १९६६ मध्ये परत येऊन स्कॉटलंडला अ‍ॅबरडीनमध्ये शिकवायला लागले, १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या धर्मांवर एक जर्नल काढलं जे अजून चालू आहे, आणि १९८२ मध्ये पाश्चात्त्य जगाबाहेरच्या ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करणारं एक केंद्र काढलं, ते नंतर एडिंबरोला गेलं. या सगळ्यात ते अ‍ॅबरडीनच्या नगरपालिकेत लेबर पार्टीचे नगरसेवक पण होते आणि स्कॉटलंडच्या म्युझियमसाठी पण त्यांनी काम केलं! लोकांच्या वस्तू, लोकांचे कागद नीट राहिले पाहिजेत ही त्यांची तळमळ नुसती पुस्तकी नव्हती.

आणि गंमत म्हणजे इतका मोठा माणूस, पण जाड जाड पुस्तकं लिहीत बसला नाही. लेख लिहिले, भाषणं दिली, विद्यार्थी घडवले. त्यांच्या लेखांचं पहिलं गाजलेलं पुस्तक आलं ते १९९६ मध्ये, म्हणजे वयाच्या ६८ व्या वर्षी. प्रमोशनसाठी पेपरवर पेपर छापण्याच्या आजच्या जमान्यात हे प्राध्यापक मंडळींनी जरा लक्षात घ्यावं.

त्यांचा एक लेख मला फार आवडतो. त्यात त्यांनी कल्पना केलीये की दुसऱ्या ग्रहावरचा एक अभ्यासक काही शतकांनी एकदा पृथ्वीवर येतो ख्रिस्ती लोक कसे असतात ते बघायला. पहिल्यांदा येतो तेव्हा यरुशलेम, साधारण इसवी सन ३७, बघतो तर सगळे ज्यू, मंदिरात जाणारे, शब्बाथ पाळणारे. दुसऱ्यांदा ३२५ मध्ये नायसियाची बिशपांची परिषद, इथं ज्यू जवळजवळ कोणीच नाही, आणि चर्चा कसली तर ग्रीक तत्त्वज्ञानाच्या शब्दांवरून. मग सातव्या शतकातलं आयर्लंड, साधू थंडगार पाण्यात गळ्यापर्यंत उभे राहून स्तोत्रं म्हणतायत. मग १८४० च्या आसपासचं लंडन, कोट-टायवाले लोक सभेत बसून आफ्रिकेत धर्म न व्यापार कसा न्यायचा ते ठरवतायत. आणि शेवटी १९८० चं लागोस, पांढऱ्या कपड्यातली माणसं नाचत गात रस्त्यानं चर्चला निघालीत. तो पाहुणा बिचारा गोंधळतो की हे सगळे एकाच धर्माचे कसे. वॉल्सचं उत्तर असं की वरवर काहीच सारखं नाही, पण आत बघितलं तर येशूला सगळ्यात वरचं स्थान, तेच शास्त्र, तीच भाकर, तोच द्राक्षरस, तेच पाणी, आणि आपल्या आधी होऊन गेलेल्यांशी आपलं नातं आहे ही जाणीव, हे सगळ्यांकडे आहे. धर्म प्रत्येक ठिकाणी त्या मातीत घर करतो, आणि तरीही तिथं पूर्ण मावत नाही, माणसाला थोडं परकं ठेवतोच. या दोन्ही ओढी कायम सोबत चालतात असं ते म्हणायचे.

आणि त्यांचं दुसरं म्हणणं असं की ख्रिस्ती धर्माला कायमची राजधानीच नाही. एका जागी वाढतो, तिथं सुकतो, आणि तोवर दुसरीकडे कुठंतरी काठावरच्या लोकांमध्ये उगवलेला असतो. १९०० साली जगातले ८० टक्क्यांवर ख्रिस्ती युरोप आणि उत्तर अमेरिकेत होते, शतक संपेपर्यंत बहुसंख्य आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत झाले. एवढा मोठा बदल होत होता आणि युरोपातली चर्चच्या इतिहासाची पुस्तकं रोम, जर्मनी, इंग्लंडच्या पुढे जायला तयार नव्हती. हे पहिल्यांदा ठासून सांगणाऱ्यांमध्ये वॉल्स होते.

मला राहून राहून वाटतं त्यांच्या त्या पाहुण्याचा एक मुक्काम नागपूरला व्हायला पाहिजे होता. तारीख २९ नोव्हेंबर १९७०. तुमच्या पेपरात दरवर्षी ज्या कॅथेड्रलचा फोटो येतो त्याच्याच आवारात त्या दिवशी सहा वेगवेगळी चर्च एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन न काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च; बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून सुरू होती, म्हणजे चाळीस वर्षांवर! अमेरिकन परंपरेचं दुसरं मोठं मेथडिस्ट चर्च अगदी शेवटी मागं फिरलं आणि त्याचा सल अजून आमच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात येतो. बाप्तिस्मा लहान बाळाला द्यायचा की मोठेपणी, बिशप हवा की नको, युरोपात या गोष्टींवरून शेकडो वर्षं चर्च फुटत राहिली, आणि ही माणसं आपल्या नागपुरात एका मांडवाखाली आली. पंजाबपासून आसामपर्यंतच्या चर्चचा निर्णय आपल्या शहरात झाला. सांगा बरं, संत्री आणि झिरो माइल सांगणाऱ्या किती नागपूरकरांना हे माहिती आहे?

मराठी माणसाला तर वॉल्स समजायला जडच जाऊ नयेत, कारण आपल्याकडे नारायण वामन टिळक होऊन गेलेत. टिळक ख्रिस्ती व्हायच्या आधी नागपुरातच होते, अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला, संस्कृत ग्रंथांचं काम करायचे. इथून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाची भेट झाली, त्यानं बायबल दिलं, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण गोष्ट तिथं संपत नाही. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, तुकारामाच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड म्हणायचे, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, जिथं बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. या मातीत घर करणं आणि तरीही पूर्ण न मावणं, वॉल्स जे सांगत होते ते टिळकांनी कितीतरी आधी जगून दाखवलं. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते सगळं आतून, घरातून, स्वयंपाकघरातून लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला ते कळतं. बाईनं लिहिलं नसतं तर मिशनच्या रिपोर्टात दोन ओळी उरल्या असत्या, अमुक ब्राह्मण पंडित, अमुक साली बाप्तिस्मा. नागपुरातल्या किती लक्ष्मीबाया न लिहिता गेल्या असतील?

एक शेवटचं उदाहरण देते. वॉल्सचे एक विद्यार्थी क्वामे बेडियाको, घानाचे. त्यांनी घानाला अक्रोपाँगमध्ये एक अभ्यास संस्था उभी केली आणि वॉल्स स्वतः म्हातारपणापर्यंत तिथं जाऊन शिकवायचे, मोठ्या युनिव्हर्सिट्या बोलवत असताना. त्या संस्थेचं नाव अक्रोफी-क्रिस्टालर. क्रिस्टालर म्हणजे जर्मन मिशनरी, ज्यानं तिथल्या ट्वी भाषेचा कोश न व्याकरण केलं, आणि अक्रोफी म्हणजे तिथलाच माणूस, त्याच भाषेचा पंडित. स्थानिक माणसाचं नाव आधी, मिशनऱ्याचं नंतर. मी हे वाचलं तेव्हा किती वेळ तेच डोक्यात होतं. दीक्षाभूमीचा इतिहास कोणी नुसत्या सरकारी फायलींवरून लिहिला तर नागपूर त्याला माफ करेल का? तिथं कोण कुठून चालत आलं, कोणी काय गाणं म्हटलं, कुठल्या बाईनं घरातले देव काय केले, हे लोकांनी सांगितलं म्हणून तो इतिहास जिवंत आहे. तोच न्याय आमच्या छोट्या समाजाला लावा एवढंच म्हणणं आहे.

आणि वेळ नाही हो हातात. आमच्या ओळखीच्या एका चर्चमध्ये बाप्तिस्म्याची न लग्नाची जुनी रजिस्टरं एका कपाटात होती, वर पाणी गळायचं, खाली वाळवी, कमिटीत दरवर्षी विषय निघायचा न पुढच्या वर्षावर जायचा, शेवटी अर्धी रजिस्टरं फेकायच्या लायकीची झाली. त्याच्यात फक्त नावं नसतात साहेब. बापाचा धंदा असतो, गाव असतं, साक्षीदार कोण ते असतं, एखाद्या दुष्काळाच्या वर्षी अनाथ पोरांची नावं एकाखाली एक येतात. आता हे सगळं मोबाईलवर स्कॅन करता येतं, पोरंसोरं एका सुट्टीत करतील, पण कोणीतरी म्हणायला पाहिजे की हे मोलाचं आहे. पाद्रीसाहेबांना ते नको वाटतं, कारण जमिनीचे वाद निघतील अशी भीती, युनिव्हर्सिटीला वाटतं हा तर चर्चचा घरगुती मामला. दोघांच्या मधे कागद मरतायत.

तर माझी विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत थोडी जागा द्या, दर आठवड्याला नको, महिन्यातून एकदा चालेल. कामठी, सदर, मेकोसाबाग, मोहननगर इथल्या घरांना सांगा की जुने फोटो, पत्रं, भजनाच्या हातानं लिहिलेल्या वह्या घेऊन या, आम्ही छापतो, वस्तू परत देतो. इतिहासाच्या एम. ए. च्या पोरांना त्यांच्या सरांनी प्रोजेक्ट म्हणून एक एक चर्चचं रजिस्टर वाचायला द्यावं, ख्रिस्ती असो नसो, काही फरक पडत नाही, वॉल्सच्या वर्गात तर सगळ्या धर्माची न सगळ्या देशांची पोरं असायची. आणि सगळ्यात आधी २९ नोव्हेंबर १९७० ला त्या आवारात जे हजर होते त्यांना शोधा. तेव्हा विशीत असलेले आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, मांडवात खुर्च्या लावणारे असतील, क्वायरमध्ये गाणारे असतील, बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी पोळ्या लाटणाऱ्या बायका असतील. बिशपांची भाषणं कुठंतरी छापलेली सापडतील, ती जाणार नाहीत. या लोकांकडे रिपोर्टर पाठवा, टेपरेकॉर्डर चालू करून बसवा, आणि या डिसेंबरात त्या फोटोखाली त्यांची नावं छापा. पत्ते जमवायला मी मदत करीन, माझा नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सदर, नागपूर